कडू तूप आणि बरणीवरची रेघ

आले ते: गाईचे तूप चार किलो, दूधवाल्याच्या घरून, रुपये दोन हजार सहाशे. कडुनिंबाची साल, गुळवेल, अडुळसा, रिंगणी व कडू पडवळ, सर्व वाळवलेले, झाडपाल्याच्या दुकानातून, रुपये चारशे दहा. पावती मागितली तेव्हा दिली. हिरडा, बेहडा, आवळा यांची भुकटी, तिथलीच, रुपये नव्वद. रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या, बुचांसह, दोन डझन, रुपये तीनशे बारा. पैकी एक तडकलेली, बदलून मिळाली नाही. कढईला कल्हई, रुपये दीडशे. कोळसा घरातला. रेघांचे फुलस्केप कागद, रुपये बारा.

कागद सोडून बाकीचे सगळे मागच्या खोलीत लागले. त्यातून जे तूप होते त्याच्यावरूनच हे मृत्युपत्र लिहायची पाळी आली, म्हणून त्याचा खर्च आधी मांडला. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो, असे वकिलांच्या कारकुनाने सांगितले. आणखी एका ठिकाणी विचारून खात्री केली आहे.

कलम १. मी, खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर, शिक्षण मॅट्रिक पास, काम घर चालवणे व वैद्यांसाठी औषधी तूप करणे, राहणार लग्न होऊन आले तेव्हापासून याच घरी, असे लिहून ठेवते की, देवाच्या कृपेने माझे डोळे, कान व बुद्धी शाबूत आहेत. डोळ्यांना चष्मा आहे, पण तो सुईत दोरा ओवण्यापुरता. मला कोणी पढवलेले नाही, कोणी धाकात घेतलेले नाही. घरात याचा सुगावा लागू नये म्हणून मी हे कोठीच्या खोलीत, दार लोटून, डाळीच्या डब्यावर पाट ठेवून लिहीत आहे. बोलावणे कधी येईल ते देव जाणे. ते येईल तेव्हा माझ्या मागे हिशेब जुळलेला असावा, एवढाच यात हेतू.

कलम २. घर. दोन खोल्या, कोठी, न्हाणीघर आणि मागची खोली, असे हे घर. ह्यांनी पाणीखात्यात मीटर वाचून वाचून ते बांधले आणि ह्यांच्या पश्चात ते माझ्या नावे झाले. कागद लोखंडी कपाटात आहेत, किल्ली माझ्या कमरेला.

मागची खोली मूळच्या नकाशात नव्हती. थोरल्या मुलाच्या वेळी बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही हातांची कातडी फुटली, लस येऊ लागली. सासूबाई मला पाण्याला, पिठाला हात लावू देईनात. नणंद माझ्या हातचा पेला बाजूला सारून दुसऱ्या पेल्यात स्वतः पाणी ओतून घेई, आणि ते मला दिसेल असे घेई. वैद्यबुवांनी तेव्हा नुकताच दवाखाना घातला होता. त्यांनी मला सकाळी अनशापोटी चमचाभर तिक्तक घृत व वर कोमट पाणी असे सांगितले. तिक्तक घृत म्हणजे कडू औषधांत सिद्ध केलेले तूप. घरात आम्ही त्याला कडू तूपच म्हणतो. कडू म्हणजे किती, तर ते घेऊन पोथी वाचायला बसले की देवाचे नावही कडू लागे. पण हात बरे झाले. वैद्यबुवांना हे तूप करून देणारी बाई थकली होती, मी म्हटले मला शिकवा, घरी बसून होण्याजोगे काम आहे.

ह्यांना तो वास सोसेना. "घर आहे का दवाखाना," असे म्हणत म्हणत ह्यांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा रचून मागची खोली उभी केली आणि वास आत राहावा म्हणून दाराला बाहेरून कडी बसवली. मी आत असताना एकदा ती कडी लावून कामावर गेले. संध्याकाळी आल्यावर मी ह्यांच्या ताटात भाजीवर कडू तूप वाढले. त्यानंतर कडी विसरण्याचा प्रकार झाला नाही.

सदर घर माझ्या पश्चात थोरल्या मुलाने घ्यावे. मागची खोली त्याने पाडली तरी चालेल. का, ते कलम ६ मध्ये येईल.

नणंदेला माझ्याकडून काही नाही. हातापायांना खाज येते म्हणून ती हल्ली निरोप पाठवते असे कळते. तिला एक बाटली कडू तूप द्यावे, पैसे घेऊन.

कलम ३. देवळाला रुपये पाच हजार, माझ्या पोस्टातल्या बचतीतून. पण अट अशी की, पुजाऱ्याने पूजेच्या वेळी घंटा नीट वाजवावी. पूर्वी ती घंटा गल्लीच्या टोकाला ऐकू येई. आता मी तिच्या खाली उभी असते तरी नुसती हललेली दिसते. देवाच्या कामात ज्याचा हात आखडता, तो माझ्या पैशाचे काय करील हे सांगायला नको. रक्कम देण्याआधी गल्लीच्या टोकाला माणूस उभा करून घंटा वाजवून बघावी.

कलम ४. भिंतीवरचे टोल्यांचे घड्याळ थोरल्याच्या मुलीला. हे घड्याळ समोरच्या घड्याळजीकडे साफ करायला दिले होते, परत आले ते मुके होऊन. विचारायला गेले तर तो हातवारे करीत तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. ज्याचे मन स्वच्छ असते तो मोठ्याने बोलतो. आतला हातोडा त्याने काढून घेतला असणार, पितळेला भाव आहे. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद आहे. घड्याळ नेताना हातोडा वसूल करून न्यावा.

कलम ५. हे कलम वाटणीचे नाही, पण ते नोंदवणे जरूर आहे.

थोरला दुसऱ्या गावी नोकरीला आहे, दर रविवारी फोन करतो. पूर्वी फोन कानापासून लांब धरावा लागे, इतका खणखणीत बोलायचा. आता कुजबुजतो. शेजारी त्याची बायको उभी असणार. मला फोनवर रेंगाळायची सवय नाही, पैसे त्याचे असले तरी पैसेच. "बरं, बरं, ठेवते" म्हणून ठेवून देते.

एकट्या थोरल्याचे काय घेऊन बसायचे, सगळ्यांचीच रीत बदलली आहे. मी आले की आवाज खाली जातात. ओट्यावर शेजारच्या दोघी बोलत उभ्या असतात, मी जवळ गेले की ओठ हलत राहतात आणि शब्द गिळले जातात. दोनदा मागे वळून पाहिले तर धाकटी सून माझ्या मागे येऊन उभी होती. पाऊल न वाजवता चालायला ती कधी शिकली? गेल्या पंधरवड्यात एक माणूस लांब फीत घेऊन आला आणि मागच्या खोलीची लांबी-रुंदी मापून, वहीत टिपून गेला. तिने त्याला आत घेतले. कोण म्हणून विचारले तर ती काहीतरी पुटपुटली. मी "बरं" म्हटले आणि मनात नोंद केली. कुठेतरी पाणी मुरते आहे.

कलम ६. कडू तूप आणि धाकटी सून.

धाकटा मुलगा कामावरून येताना रस्त्यात गाडीखाली गेला, त्याला पाच वर्षे झाली. मूलबाळ नव्हते. मी धाकट्या सुनेला म्हटले, माहेरी जा, तुझे वय आहे. ती गेली नाही. तेव्हा मला बरे वाटले होते. हल्ली वाटते, का नाही गेली?

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. तूप, वाटलेल्या औषधांचा गोळा आणि त्याच औषधांचा चौपट काढा एका कढईत घालून मंद आचेवर ठेवायचा. काढ्यातले पाणी आटत जाते आणि कडूपणा तुपात उतरतो. घाई केली तर जळते. पाणी राहिले तर तूप टिकत नाही. झाले कधी, ते फेसावरून कळते, फेस बसतो. गोळ्यातला चिमूटभर भाग बोटांत वळला की त्याची वात होते, चिकटत नाही. पण या खुणा उंबऱ्यापर्यंतच आणून सोडतात. शेवटी ती वात निखाऱ्यावर ठेवायची. चटचट वाजली तर पाणी अजून आत आहे. गुपचूप जळली तर कढई उतरवायची. वैद्यबुवांनी मला पहिल्या दिवशी सांगितले होते, "वहिनी, डोळ्यांवर जाऊ नका. कान द्या." ते मी आजवर पाळले.

गेल्या वर्षी तक्रारी सुरू झाल्या. एका गिऱ्हाइकाच्या बाटलीत तळाला गढूळ साचले. एकीच्या तुपावर बुरशी धरली. एक जण वैद्यबुवांना म्हणाला, चमचा गरम करायला गेलो तर तडतडून अंगावर उडाले. म्हणजे तुपात पाणी. माझ्या हातून पाणी राहणे शक्य नव्हते. उलट गेल्या वर्षभरात वात पहिल्या खेपेलाच गुपचूप जळत होती, मी म्हणत होते हात आता खरा बसला. तेव्हा पाणी मागाहून कोणीतरी घातले, हे उघड होते.

पहिला संशय दूधवाल्यावर. त्याचे तूप त्याच्या देखत कढवून पाहिले, स्वच्छ निघाले. तो रागावला, तेव्हापासून रोख मागतो. मग झाडपालेवाला. त्याने ओली गुळवेल गळ्यात मारली असेल म्हणून ती दुकानाच्या फळीवर मोडून पाहिली, कडकन मोडली असे तो म्हणाला. मग बाटल्या धुऊन ओल्या राहतात की काय म्हणून त्या उन्हात पालथ्या घातल्या. बाहेरची माणसे संपली. मागच्या खोलीत माझ्याखेरीज येणारी एकच व्यक्ती राहिली.

म्हणून मी दगडी बरणीत तूप गाळून भरले की आतल्या बाजूने, तूप जिथवर आहे तिथे, कोळशाने बारीक रेघ मारू लागले. पहिल्याच खेपेला दुसऱ्या दिवशी तूप रेघेच्या बोटभर खाली. तूप थिजताना आकसते हे मला कळते, पण बोटभर आकसत नाही. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेला तेच. आणि नवल म्हणजे तक्रारी थांबल्या. मी डोळ्यांत तेल घालून बसले आहे हे ओळखून चोराने पाणी घालणे सोडले आणि नुसते तूप काढणे चालू ठेवले, असा मी अर्थ लावला.

या मंगळवारी मी देवळातून लवकर परतले. मागच्या खोलीत शेगडी पेटलेली. मी सकाळी भरून ठेवलेली बरणी रिकामी, आणि धाकटी सून ते सगळे तूप पुन्हा कढईत ओतून, पदर खोचून, कढईवर वाकून बसली होती, चोराने तिजोरीला कान लावावा तशी. मी विचारले, "किती दिवस चाललंय हे?" ती उठली, काहीतरी बोलली, आणि रडू लागली. माझ्या मते रडणे म्हणजे कबुलीजबाब.

सबब मी ठरवते की, कढई, झारा, खल आणि दगडी बरण्या माझ्या पश्चात विकून पैसे थोरल्याने घ्यावेत. धाकट्या सुनेला तिची ट्रंक व शिवणयंत्र. मी गेल्यावर महिन्याच्या आत तिने हे घर सोडावे.

एवढे लिहून मी साक्षीच्या सहीसाठी वैद्यबुवांकडे गेले.

वरची ओळ आणि येथून पुढचे शुक्रवारी लिहिले आहे. मागची पाने फाडली नाहीत. कागदाला पैसे पडले आहेत, आणि माणूस आधी काय समजून चालला होता तेही कागदावर राहिलेले बरे.

कलम ७. झाले ते असे.

वैद्यबुवांनी पाने वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पहिल्यापासून वाचली. माझ्याकडे बघून काही बोलले. मी "बरं" म्हटले. तेव्हा त्यांनी पेन्सिल घेऊन औषधाच्या पुडीच्या कागदावर लिहिले: सही करीन, पण आधी एक कढई माझ्यादेखत उतरवा. मला राग आला, तोंडाने सांगायला यांना काय झाले? पण नाहीतरी कढई शेगडीवर चढणारच होती, म्हणून कबूल केले.

ते गुरुवारी दुपारी आले, दुसरा साक्षीदार म्हणून घड्याळजीला घेऊन आले. मला ते मुळीच रुचले नाही. तथापि साक्षीदार फुकट मिळत होता. घड्याळजीला उंबऱ्यातच उभे केले. धाकटी सून कोपऱ्यात होती, तिला वैद्यबुवांनी थांबवून घेतले.

फेस बसला. मी गोळ्यातला भाग बोटांत वळला, वात झाली. निखाऱ्यावर ठेवली. गुपचूप जळली. मी फडके हातात घेऊन कढईच्या कड्यांना हात घातला आणि म्हटले, "झालं."

वैद्यबुवांनी हाताने थांबवले. त्यांनी धाकट्या सुनेकडे पाहिले. ती मान खाली घालून होती. मग त्यांनी तांब्यात बोटे बुडवली आणि चार थेंब कढईत झटकले.

धाकटी सून मागे सरली. वैद्यबुवांनी स्वतःचा हात झटकन ओढला. घड्याळजी उंबऱ्यातून पायरीवर गेला. मी होते तिथेच होते. तापल्या तुपात पाणी पडले की ते कसे किंचाळते हे मी जन्मभर ऐकले आहे. मला तूप उसळताना दिसत होते, फुटताना दिसत होते. दोन शिंतोडे मनगटावर बसले तेव्हा मी हात काढला. खोलीत कसलाही आवाज नव्हता.

मी कढईकडे बघत राहिले. नंतर निखाऱ्यावर दुसरी वात ठेवली आणि या खेपेला नुसते बघितले. वात लहान लहान उड्या मारत होती. टोकाला ठिणग्या फुटत होत्या.

वैद्यबुवा खाली वाकले आणि माझ्या कानाशी तोंड आणून मोठ्याने बोलले. ते मला ऐकू आले, भिंतीपलीकडून यावे तसे. ते म्हणाले, कान पुरते गेले नाहीत, बारीक, उंच सुराचे आवाज गेले आहेत, आणि चटचट काय, घंटा काय, तसलेच आवाज आहेत.

मी धाकट्या सुनेला विचारले, "मग मला का नाही सांगितलंस?"

ती जवळ आली. माझ्या उजव्या कानाशी, पदर बाजूला करून, म्हणाली, "सांगितलं होतं, आई. दोनदा. तुम्ही बरं म्हणालात."

बरणीतून जे बोटभर कमी होत होते, ते पाणी होते. मीच राहू दिलेले. मी देवळात गेले की ती ते तूप पुन्हा चढवायची आणि कान लावून पाणी आटवायची, मग बरणीत भरून ठेवायची. तक्रारी त्यामुळे थांबल्या होत्या. रेघ तिने पाहिलीच नव्हती. चोराने ती आधी शोधून पुसली असती.

कलम ८. यावर मी लगेच विश्वास ठेवला नाही. वैद्यबुवा धाकट्या सुनेच्या बाजूचे असू शकतात. तिच्या हातचा चहा त्यांना आवडतो. म्हणून दोन परीक्षा घेतल्या. पहिली, बरणीत रेघ मारून तेच तूप माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा कढवायला लावले. थंड झाल्यावर ते रेघेच्या बोटभर खाली भरले, आणि त्यातला थेंबही त्या खोलीबाहेर गेला नव्हता. दुसरी, तिला भिंतीकडे तोंड करून बसवले आणि अपुऱ्या शिजलेल्या गोळ्याच्या वाती मी निखाऱ्यावर ठेवल्या, मध्येच एखादी पुरी शिजलेली. वाजली की हात वर कर, असे सांगितले. मी ठिणग्या बघत होते. ठिणगी उडाली आणि हात वर झाला नाही, असे एकदाही झाले नाही. ठिणगी नसताना हात वर गेला, असेही झाले नाही. उंबऱ्यातून घड्याळजी खूण करत असेल म्हणून त्यालाही पाठमोरा केला होता.

मग मान्य केले.

कलम ९. दुरुस्त्या.

कलम १ मधील "कान" हा शब्द खोडला आहे. खोडाखोडीवर माझी सही आहे. बाकी डोळे व बुद्धी यांबद्दलचे म्हणणे कायम.

कलम ३ मधील घंटेची अट काढली आहे. रक्कम तीच. अट गेली म्हणून वाढवलेली नाही.

कलम ४ मधील हातोड्याची मागणी सोडली आहे. घड्याळजीने मला घड्याळाशी नेऊन, माझे बोट आतल्या हातोड्यावर ठेवून काटे पुढे सरकवले. बोटाला ठोके लागले. त्याचे म्हणणे, टोले इतके मोठे पडतात की त्याच्या घरी झोपमोड होते, आणि तेच तो मला हातवारे करून सांगत होता. त्याच्याशी बोलणे सुरू केले आहे. साफसफाईचे पैसे मात्र त्याने जास्त लावले होते, त्यावर मी ठाम आहे.

कलम २ मधील घराची वाटणी आणि कलम ६ मधील "सबब"पासूनचा परिच्छेद रद्द. त्याऐवजी असे: मागची खोली, शेगडी, कढई, झारा, बरण्या आणि तूप करण्याचे काम, गिऱ्हाइकांसह, हे सगळे धाकट्या सुनेचे. उरलेले घर थोरल्याचे व तिचे निम्मे निम्मे. ती हयात आहे आणि तिची इच्छा आहे तोवर हे घर कोणी विकू नये, कोणी तिला बाहेर काढू नये. ती कुठे लग्न करून गेली तरी मागची खोली तिचीच. खल वैद्यबुवांना द्यावा असे मनात होते, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणतात. खल की साक्ष, यात मी साक्ष धरली. खल तिलाच.

मी आहे तोवर वात तिने ऐकावी, चव मी घेईन. माझ्या जिभेची परीक्षा वैद्यबुवांनी घेतली, दोन बाटल्यांतली फिकी कोणती ते मी डोळे मिटून सांगितले. बरणीतली रेघ बंद करू नये. विश्वास बसला म्हणून रेघ नको, असे नसते. तिला ते मी कानात नाही, समोर बसून सांगितले, आणि ती हसली. हसण्याचा मी काही अर्थ लावलेला नाही.

कलम १०. "बरं" या शब्दाबाबत.

कलम ५ मधला फीत घेऊन आलेला माणूस कोण, ते मी आता धाकट्या सुनेला पुन्हा विचारले, या खेपेस कान तिच्या तोंडाशी नेऊन. ती म्हणाली, "मोठ्या भाऊजींनी पाठवला होता, मागची खोली नकाशात नाही म्हणून मापायला. घर विकायचं ठरलंय, आई फोनवर हो म्हणाल्या आहेत, असं ते म्हणाले. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मी माझं सामान लावायला घेतलं होतं."

तिची ट्रंक उघडून पाहिली. खरेच लावलेली होती. म्हणजे हे तूप ती ज्या घरासाठी आटवत होती, ते घर सुटणार आहे असे धरून आटवत होती.

तेव्हा सर्व संबंधितांना याद्वारे कळवते की, गेल्या वर्षभरात मी तोंडाने ज्या ज्या गोष्टीला "बरं" म्हटले असेल, समक्ष किंवा फोनवर, ती माझी संमती समजू नये. त्या शब्दावर कोणी पैसे घेतले असतील तर परत करावेत. कोणाला दिले असतील तर मागून घ्यावेत. यापुढे माझी संमती म्हणजे माझी सही.

हे सर्व मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहिले. वैद्यबुवांनी ते माझ्या कानाशी मोठ्याने वाचून दाखवले. गल्लीत दोघे जण थांबून ऐकत होते असे धाकटी सून म्हणते. ऐकू देत.

सही: (माझी, पूर्ण नावाची)

साक्षीदार पहिले: वैद्यबुवा. आमच्यादेखत सही केली.
साक्षीदार दुसरे: समोरचे घड्याळजी. आमच्यादेखत सही केली.

स्थळ: मागची खोली. दिनांक १९, शुक्रवार, दुपार.

थोरल्यास, सोबत या मृत्युपत्राची नक्कल पाठवत आहे, अनेक आशीर्वाद. मूळ प्रत लोखंडी कपाटात आहे. तू माझ्या "बरं"ला हो समजलास, की मला ऐकू येत नाही हे समजून उमजून त्याला हो म्हणालास, ते मला इथे बसून ठरवता येत नाही. मी दूधवाल्यावर, झाडपालेवाल्यावर, पुजाऱ्यावर, घड्याळजीवर आणि तुझ्या भावाच्या बायकोवर संशय घेऊन चुकले आहे, म्हणून तुझ्याबाबत आधी विचारते. रविवारी रविवारी तू मला काय काय विचारलेस, मी कशाकशाला बरं म्हटले, आणि त्यावर तू कोणाला काय शब्द दिलास, ते सगळे तुझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून पाठव. फोन करू नकोस. फोनवर मी पुन्हा बरं म्हणेन. उलट टपाली कळव.